कमठाण्याचा बाजार आणि पेटीतले तीन कागद



बीदरच्या दक्षिणेला कमठाणा आहे. आमचे गाव त्याच पंचक्रोशीतले. आजोबा म्हणत, "कचेरीचं काम बाजारादिवशीच उरकावं." बाजारात जोंधळा, तूर, बैल यांच्याबरोबर पटवारीही भेटे. दवंडीही त्याच दिवशी, कारण ऐकायला दहा गावची माणसे आयती जमलेली. माणसे जिथे जमत, तिथे सरकार येऊन बसे.

जुन्या मराठी कागदांत हे नाते शब्दांतच दिसते. साध्या खेड्याच्या नावाआधी 'मौजे', तर पेठ असलेल्या, परगण्याच्या मुख्य गावाआधी 'कसबे' लिहीत. पेठेचा कारभार शेटे-महाजन पाहत. पुढे निजामाच्या राज्यात सालारजंगांनी १८६५ साली जिल्हाबंदी केली. १८८४ च्या सुमारास दफ्तरात फारसीच्या जागी उर्दू आली. 'गिरदावर', 'पेशकार' हे शब्द आमच्या बोलीत रुळले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. कमठाणा होबळीचे गाव झाले, आणि 'होबळी' हा शब्द मराठी घरांतही आला.

आता पेटीतले कागद. वडील वारल्यावर वारसाची नोंद करायची होती. एकाच शेताचे तीन कागद निघाले: एक मोडीत, एक उर्दूत, एक कन्नडात. आजोबांचे नाव कोंडिबा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. उर्दूत 'ओ' आणि 'ऊ' यांना एकच वाव. उर्दूवरून कन्नडात उतरताना कोंडिबाचे 'कुंडिबा' झाले. कचेरीत विचारले, "हे दोघे भाऊ का?" माझ्याच आजोबांना मला एक माणूस म्हणून सिद्ध करावे लागले.

ते सिद्ध केले एका निवृत्त गुरुजींनी. तिन्ही लिप्या त्यांना येत. तीन कागद शेजारी ठेवून त्यांनी बांध, विहीर, शेजाऱ्यांची नावे ताडून दाखवली आणि नोंद झाली. आज गुरुजी नाहीत. पंचक्रोशीत मोडी आणि उर्दू दोन्ही वाचणारा माणूस मला ठाऊक नाही.

पहाणी आता संगणकावर मिळते, ही मोठी सोय आहे. पण संगणकात जे नाव चढले, त्याच्या मागचा कागद वाचणार कोण? सीमाभागातल्या मराठीचा प्रश्न आपण शाळा आणि पाट्या यांपुरता मांडतो. तो शेताच्या बांधापर्यंत जातो.

म्हणून विद्यार्थ्यांना एकच विनंती. सुट्टीत घरी गेलात की पेटी उघडा. कागदांची छायाचित्रे घ्या, आणि वाचणारे म्हातारे माणूस हयात असेल तर त्यांच्या शेजारी बसून एकेक शब्द उतरवून घ्या. कसबा, होबळी, गिरदावर यांचा कोश अशाच कामातून तयार होईल.