कोळसेवाल्याच्या माळ्यावरची बैठक



लंडन शहरांतले बडे लोक दोन-तीनशें वर्षांपूर्वीं नाटकाला आणि गाण्याला कसे जात, याविषयीं आज मला बोलावयाचें आहे. तुम्ही म्हणाल, औत आणि ऐरण सोडून हा विषय आम्हांला कशाला? तर सांगतों. त्या सरदार-उमरावांच्या गोष्टींत धन्याची जागा धरून बसणारे नोकर आहेत, आणि पाठीवर पोतें घेऊन गल्लोगल्ली फिरणारा एक कोळसेवालाही आहे. माझें बोलणें मुख्यतः त्या कोळसेवाल्याकरितां आहे. पण त्याच्याकडे जाण्याआधीं बड्यांचें नाटकगृह एकदां आंतून पाहूं.

1642 सालीं बंद पडलेलीं लंडनचीं नाटकगृहें 1660 सालीं दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर पुन्हा उघडलीं. तेथें कोण कोठें बसला यावरून त्याची पायरी कळे. बाजूच्या बंदिस्त कोठड्यांना बॉक्स म्हणत. तेथें उमराव आणि त्यांच्या बायका. खालीं पिटांतल्या बांकांवर शौकीन तरुण, वकील, ग्रंथकार. वरच्या सज्जांत दुकानदार व उमेदवार कारागीर, आणि अगदीं माथ्याला नोकरचाकर. कांहीं शौकीन तर रंगभूमीवरच बैठक मारीत. नटानें त्यांच्या तंगड्यांतून वाट काढीत मरणाचा प्रवेश करावा! गॅरिक नांवाच्या प्रसिद्ध नटानें 1762 च्या सुमारास आपल्या ड्रूरी लेन नाटकगृहांत ही खोड मोडली, तोंपर्यंत ती चालू होती.

तेव्हां तिकिटावर खुर्चीचा नंबर नसे. आधीं येईल तो बसेल. मग बड्या माणसानें काय करावें? त्यानें आपला गणवेशांतला नोकर पुढें पाठवावा. खेळ सायंकाळीं, पण नोकर कित्येक तास आधींच बॉक्समध्यें धन्याच्या जागीं जाऊन बसे. धनी जेवूनखाऊन, केसांना भुकटी लावून सावकाश आला कीं यानें उठावयाचें. बांक गरम करावयाचें याच्या अंगानें, आणि ऊब त्याला!

जागा सोडलेले हे नोकर मग माथ्यावरच्या सज्जांत जात. ड्रूरी लेनचा मालक ख्रिस्तोफर रिच यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस तो सज्जा त्यांना फुकट करून दिला होता. तेथून ते टाळ्या वाजवीत, ओरडत, आवडलें नाहीं तर खेळ बंद पाडीत. 1737 सालीं फ्लीटवूड नांवाच्या मालकानें ही सवलत बंद केली. त्या वर्षीं मार्चच्या 5 तारखेला सुमारें 300 नोकर दारें फोडून आंत घुसले, असें तेव्हांच्या बातम्यांत आहे. युवराज आणि त्याची बायको त्याच वेळीं आंत बसलीं होतीं. डी व्हील नांवाच्या मॅजिस्ट्रेटनें दंग्याचा कायदा वाचून दाखविला, कांहीं जणांना तुरुंगाची वाट दाखविली. सवलत गेली ती गेलीच. दारें फोडणें बरें असें मी म्हणत नाहीं. मला एवढेंच दिसतें कीं, या माणसांनीं फुकटच्या सज्जासाठीं डोकीं फोडून घेतलीं. धन्याचें बांक तासन् तास कां धरावें, याबद्दल मात्र कोणी हूं का चूं केलें नाहीं. सज्जा बंद झाला, बांक धरणें पुढें चालूच राहिलें.

आतां गाण्याकडे वळूं. हेमार्केटमध्यें 1705 सालीं एक मोठें नाटकगृह उघडलें. तेथें इटालियन गाणारे येत, इटालियन भाषेंत गात, आणि ती भाषा न समजणारे पुष्कळ लोक माना डोलवीत. 1719 सालीं उमरावांनीं भांडवल जमवून या खेळांसाठीं मंडळी काढली. राजानें सालाला 1000 पौंड देऊं केले. पिट आणि बॉक्सचें तिकीट अर्धी गिनी, म्हणजे साडेदहा शिलिंग. लंडनांत विटा-दगड वाहणाऱ्या गड्याला त्या काळीं दिवसाला दोन शिलिंग मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे एका रात्रीच्या गाण्याला आठवड्याची मजुरी!

एवढे पैसे मोजून ही मंडळी गाणें तरी ऐकत होती काय? 1727 च्या जून महिन्यांत काय झालें तें ऐका. कुझोनी आणि फाउस्तिना या दोन नामांकित गायिका एकाच खेळांत होत्या. उमरावांत दोन तट पडले. एका तटानें एकीसाठीं टाळ्या पिटाव्या, दुसऱ्यानें शिट्या फुंकाव्या. 6 तारखेला राजघराण्यांतली राजकन्या समोर बसली असतां हा गोंधळ इतका माजला कीं खेळ थांबला. दोघी गायिकांनीं रंगभूमीवर एकमेकींच्या झिंज्या उपटल्या, अशी कहाणी मागाहून पसरली. पण आतांचे इतिहासकार सांगतात कीं धिंगाणा मुख्यतः प्रेक्षकांचा होता. बायांना बदनाम केलें आणि साहेब लोक नामानिराळे राहिले. आपल्या जत्रेंत कोणी शिटी मारली तर त्याला अडाणी म्हणतात; साडेदहा शिलिंग देऊन मारलेल्या शिटीला काय म्हणावें, तें तुम्हीच ठरवा.

मित्रहो, याच लंडनांत, या सगळ्यांच्या आधीं, एक दुसरी बैठक भरत असे. तिचा यजमान थॉमस ब्रिटन. जन्म 1644 चा, नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यांतला. चूल पेटवावयाला लागणारा बारीक कोळसा घरोघर विकणें हा त्याचा धंदा. पोरवयांत लंडनला येऊन त्यानें 7 वर्षें एका कोळसेवाल्याकडे उमेदवारी केली. मुदत संपतांच धन्याला धास्ती पडली कीं हा आतां शेजारींच दुकान थाटणार; म्हणून त्यानें याला पैसे देऊन गांवीं वाटेला लावलें. ब्रिटन गांवीं गेला, पैसे संपेपर्यंत राहिला, आणि परत येऊन त्यानें दुकान थाटलेंच! क्लार्कनवेल भागांत एक तबेला भाड्यानें घेतला. खालीं कोळसा, वर माळा.

या माणसाला विद्येची भूक विलक्षण. शेजारीं एक वैद्य राहत होता, त्याच्या संगतीनें रसायनविद्या शिकला आणि स्वतः प्रयोगांची भट्टी बांधली. जुनीं पुस्तकें जमवूं लागला. गुडघ्यांत धरून वाजवावयाचें एक तंतुवाद्य शिकला. दिवसा निळा सदरा घालून, पाठीवर पोतें टाकून हांका मारीत फिरावयाचें, आणि संध्याकाळीं धुऊनपुसून वाद्य हातांत घ्यावयाचें.

1678 सालीं त्यानें आपल्या माळ्यावर गाण्याबजावण्याची बैठक सुरू केली. पैसे घेऊन सर्वांस संगीत ऐकविण्याची चाल लंडनांत तेव्हां नवीच होती; जॉन बॅनिस्टर नांवाच्या वादकानें ती 1672 सालीं शिलिंगभर दरानें पाडली होती. ब्रिटननें दारावर कांहींच घेतलें नाहीं. पुढें वर्षाची 10 शिलिंग वर्गणी ठेवली, आणि कॉफी पेनीला पेला, असें सांगतात. वर्षाचे 10 शिलिंग! हेमार्केटच्या एका रात्रीपेक्षां सहा पेन्स कमी. दर गुरुवारीं, एक नाहीं दोन नाहीं, 36 वर्षें ही बैठक चालली.

जागा कशी? लांबट, अरुंद, ठेंगणी. जिना बाहेरून, शिडीसारखा उभा. खालून कोळशाचा वास. आणि त्या शिडीनें, हातांत झगा सांवरीत, क्वीन्सबेरीची डचेस वर चढली! लंडनांतले नामांकित वादक तेथें येऊन वाजवीत. संगीताचा जाणता पेपुश येई. जर्मनीहून आलेला हॅन्डेल, ज्याच्या संगीतावर पुढें अर्धें लंडन वेडें झालें, तोही या माळ्यावर बसून वाजवून गेला, असें हॉकिन्स यानें 1776 सालच्या आपल्या संगीताच्या इतिहासांत लिहून ठेवलें आहे. येथें नोकर पाठवून बांक धरण्याची सोयच नव्हती. वर चढावें आणि मिळेल तेथें बसावें.

त्याच हॉकिन्सनें पुस्तकांची गोष्टही सांगितली आहे. ऑक्सफर्डचा अर्ल, पेंब्रोकचा अर्ल, डेव्हनशायरचा ड्यूक अशी बडी धेंडें शनिवारीं जुन्या पुस्तकांच्या शोधांत फिरत आणि एका ठराविक दुकानांत एकत्र येत. तेवढ्यांत फेरी संपवून ब्रिटन येई, पोतें खिडकीच्या कट्ट्यावर टेकवी, आणि त्याच निळ्या सदऱ्यानें त्यांच्यांत बसून जुन्या प्रतींची चर्चा करी. ते त्याचें ऐकत, कारण त्याला खरोखरच कळत होतें.

पण बाहेरच्या जगाला हें पटेना. कोळसा विकणारा पुस्तकें वाचतो, त्याच्या घरीं उमराव येतात, यांत कांहीं तरी काळेंबेरें असलेंच पाहिजे! कोणी म्हणे हा छुपा जेझुइट पाद्री आहे. कोणी म्हणे नास्तिक. कोणी म्हणे जादूटोणा करतो. गाणें हें निमित्त, वर राजद्रोहाची खलबतें चालतात. सगळे तर्क लढविले. त्या माणसाला संगीत आवडतें, एवढा साधा तर्क मात्र फारसा कोणाला सुचला नाहीं.

त्याचा शेवटही एका थट्टेनें झाला, असें सांगतात. बैठकींत येणाऱ्या रोब नांवाच्या एका मॅजिस्ट्रेटनें पोटांतून आवाज काढणारा एक लोहार आणला. त्या लोहारानें ओठ न हलवितां, आवाज लांबून आल्यासारखा भासवून, ब्रिटनला बजावलें कीं तुझी घटका भरत आली, गुडघे टेकून प्रार्थना कर. 70 वर्षांचा भाविक म्हातारा. त्यानें तेथल्या तेथें गुडघे टेकले. धसका घेऊन तो अंथरुणाला खिळला आणि थोड्याच दिवसांत, 1714 च्या सप्टेंबर अखेरीस, वारला. क्लार्कनवेलच्या चर्चमध्यें 1 ऑक्टोबरला त्याला पुरलें.

वुलस्टन नांवाच्या चित्रकारानें काढलेली त्याची तसबीर लंडनच्या राष्ट्रीय चित्रशाळेंत आहे. बायकोच्या हातीं मात्र रोकड फार राहिली नाहीं. पुस्तकें, वाद्यें आणि संगीताच्या चोपड्या लिलावांत गेल्या. त्या चोपड्यांत कित्येक अशा होत्या कीं त्यांतला सूर न् सूर त्यानें स्वतःच्या हातानें उतरून काढला होता.