माहेरच्या घराचा दगड
(जालना जिल्ह्यांतील एका गांवीं केलेलें भाषण)



सातारा जिल्ह्यांत, खंडाळा तालुक्यांत, नायगांव म्हणून गांव आहे. तेथील नेवसे पाटलांचें घर सरकारनें स्मारक म्हणून राखलें आहे. सावित्रीबाई फुले ३ जानेवारी १८३१ रोजीं तेथें जन्मल्या. त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह १८५४ सालीं निघाला. राजवाडे, देवळें राखलेलीं आपण पुष्कळ पाहतों. पण बाईचें माहेर राखलेलें पाहून आम्हांस नवल वाटतें. कारण लेक सासरीं गेली कीं माहेरच्या उंबऱ्यावरून तिचें नांव पुसलें, हीच आपली रीत!

आतां आपल्या शेजारीं पाहा. जाफराबादेची शीव ओलांडली कीं बुलढाणा जिल्हा लागतो. पूर्वीं इकडे निजामाचा अंमल, तिकडे वऱ्हाडांत १८५३ पासून इंग्रजांचा. पण सोयरीक कधीं तुटली नाहीं. त्या बुलढाण्यास १८५० च्या सुमारास ताराबाई शिंदे जन्मल्या. वडील बापूजी हरि शिंदे सरकारी कचेरींत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांनीं मुलीस मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. जांवई घरजांवई केला. म्हणून ताराबाईंचें माहेर सुटलें नाहीं.

१८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस स्वतःचें मूल मारल्याबद्दल फांशीची शिक्षा झाली. ती पुढें कमी झाली. पण त्या निमित्तानें 'पुणे वैभव' पत्रानें साऱ्या बायकांवर तोंडसुख घेतलें. बायकांच्या माथीं मारतां ते दोष पुरुषांच्या अंगीं नाहींत काय, असा उलट सवाल ताराबाईंनीं केला. १८८२ सालीं पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यांत त्यांचें 'स्त्रीपुरुषतुलना' छापलें. प्रती ५००, किंमत ९ आणे. एवढ्याशा चोपडीवर टीकेचा भडिमार झाला. जोतीरावांनीं १८८५ सालीं 'सत्सारा'च्या दुसऱ्या अंकांत बाईंची बाजू घेतली. पण बाईंनीं दुसरें पुस्तक काढलें नाहीं, आणि पहिलेंही लोक विसरले. १९७५ सालीं डॉ. स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां छापलें, तेव्हां ९३ वर्षें लोटलीं होतीं.

दगडानें पोट भरतें काय, असें आमचा एखादा शेतकरी बंधु विचारील. नाहीं भरत. पण सातबाऱ्यावरून नांव गेलें कीं जमीन कोणाची होते, हें त्यास कोणी शिकवावयास नको. ह्या पुस्तकाचें तसेंच झालें.

म्हणून बुलढाण्यांत ताराबाईंच्या घराच्या जागीं दगड असावा, असें आमचें म्हणणें आहे. त्यावर 'थोर समाजसेविका' असलें मोघम कांहीं नको. पुस्तकाचें नांव, साल आणि ९ आणे किंमत कोरावी. वडिलांचें नांव हवें, कारण त्यांनीं शिकविलें. नवऱ्याचें नको काय, असें काल एका म्हाताऱ्यानें आम्हांस विचारलें. असूं द्या, पण पुस्तकाच्या खालीं!

घर उभें असो वा पडलेलें, जागा भूमापनाच्या नकाशांतून व म्हाताऱ्याकोताऱ्यांस विचारून काढतां येते. पत्र्याची पाटी नको. दोन पावसाळ्यांत रंग जातो. काळा दगड घ्यावा. पाथरवट ह्याच सभेंत बसले आहेत. मजुरी घेणार नाहीं असें ते म्हणतात. तें आम्हांस मान्य नाहीं. मजुरी द्यावयाची. बुलढाण्याच्या मंडळींस धाडावयाचें पत्र येथें मेजावर आहे. सभा उठल्यावर आधीं बायकांनीं पुढें यावें व सह्या कराव्या.