चाकांच्या खुर्चीवरील नृत्य

(ज्युबिलीच्या व्याख्यानमालेंत दिलेलें भाषण)



मी नृत्यावर बोलणार हें ऐकून पुष्कळांस हंसूं आलें असेल. मी नर्तक नव्हें. तीस वर्षें शाळामास्तर होतों, आणि दरवर्षीं संमेलनासाठीं मुलांचे नाच बसवीत असें. एवढाच या विषयाशीं माझा संबंध. परंतु त्या तीस वर्षांतील एक गोष्ट माझ्या मनास अद्याप टोंचते. माझ्या वर्गांत कुबड्या घेऊन चालणारी एक मुलगी होती. तालाची जाण तिला इतर मुलींहून अधिक होती. नाच बसवितांना ती बांकावर बसून बोटानें ठेका धरी, आणि कोणी चुकलें कीं तिचें बोट थांबे. अशा मुलीस मीं काय काम दिलें? पडदा ओढण्याचें. आणि तें देतांना आपण मोठे दयाळू आहों असेंच मला वाटत होतें.

पुढें कित्येक वर्षांनीं इंग्लंडांतील एका नृत्यसंस्थेची हकीकत माझ्या वाचनांत आली, तेव्हां आपल्या हातून काय झालें हें मला कळलें. तीच हकीकत आज आपणांपुढें ठेवितों. (शासन आतां 'दिव्यांग' हा शब्द वापरतें, माझ्या तोंडून जुन्या सवयीनें 'अपंग' असें निघेल, त्याबद्दल क्षमा असावी.)

लंडन कंटेंपररी डान्स थिएटर या नामांकित मंडळींत सेलेस्ट दांडेकर नांवाच्या एक तरुण नर्तिका होत्या. आडनांव ऐकून आपले कान टंवकारले असतील. परंतु या बाईंचें कर्तृत्व सारें इंग्लंडांतील आहे. १९७३ सालीं मँचेस्टर येथें प्रयोग चालू असतांना रंगमंचावरच त्या पडल्या. पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली आणि तेव्हांपासून चाकांची खुर्ची त्यांच्या वांट्यास आली. नृत्य संपलें असें सर्वांनीं धरिलें. बाई रंगभूमीसाठीं पोशाखांची आंखणी करूं लागल्या. म्हणजे इतरांनीं नाचावें आणि त्यांचीं वस्त्रें यांनीं ठरवावीं! माझ्या विद्यार्थिनीची पडद्याची दोरी मला येथें आठवते.

अशीं जवळजवळ सतरा वर्षें गेलीं. मग त्यांचे जुने सहकारी नर्तक दर्शनसिंग भुल्लर यांनीं त्यांस एका लघुचित्रपटांत नाचण्याचा आग्रह केला. चित्रपटाचें नांव 'द फॉल', म्हणजे 'पडणें'. नांवांत कांहींच लपविलेलें नाहीं. त्यानंतर लंडनच्या उत्तरेस स्टॅनमोर येथें, कण्याच्या दुखापती झालेल्यांसाठीं काम करणाऱ्या एका केंद्रांत, अ‍ॅडम बेंजामिन या नृत्यशिक्षकांची व त्यांची गांठ पडली. तेथें अपंग व धडधाकट अशीं दोन्ही माणसें एकाच वर्गांत एकत्र नाचत. त्या वर्गांतून १९९१ सालीं 'कॅन्डोको' ही संस्था निघाली. इंग्रजींत 'करूं शकतों' या अर्थाचे दोन शब्द आणि मंडळीचा अर्थ असलेलें एक अक्षर, यांचें हें नांव बनलें आहे.

हा उपचाराचा वर्ग नव्हता, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. डॉक्टरांनीं सांगितलें म्हणून कोणी तेथें हातपाय हालवीत नव्हतें. तिकीट लावून प्रयोग होत, आणि त्या काळच्या नाणावलेल्या रचनाकारांकडून, उदाहरणार्थ शिव्हॉन डेव्हिस या बाईंकडून, नवीं नृत्यें मागवून घेण्यांत येत.

आतां आपण विचाराल, ज्याचे पाय चालत नाहींत तो नाचतो तरी कसा? याचें उत्तर समजण्यास थोडें मागें जावें लागतें. १९७२ च्या सुमारास अमेरिकेंत स्टीव्ह पॅक्स्टन या नर्तकानें नृत्याची एक निराळी रीत काढिली. तींत दोन माणसें एकमेकांस टेकतात. जेथें अंगास अंग लागलें असेल तेथून वजन एकाकडून दुसऱ्याकडे जातें. पुढारी असा कोणी नसतो. आणि पडावें कसें हेंहि रीतसर शिकविलें जातें. पाय किती उंच गेला हें तेथें कोणी मोजीत नाहीं. ही रीत अपंगांसाठीं निघालेली नव्हती. पण जेथें वजन देणें आणि घेणें हेंच नृत्य ठरलें, तेथें पाय नसलेल्या माणसासहि देण्यासारखें वजन असतेंच कीं!

चाकांच्या खुर्चीचे गुण तर तिच्यांत बसणाऱ्यासच ठाऊक. एका हिसक्यांत ती जितकी लांब, पाऊल न वाजवितां, सरकत जाते तितकें कोणत्याहि पायास जमणार नाहीं. पुढचीं लहान चाकें कोणत्याहि दिशेस वळतात, म्हणून जागच्या जागीं गिरकी घेतां येते. खुर्ची आणि माणूस मिळून जें वजन होतें तें जमिनीलगत असतें. त्या आधारावर रेलून जोडीदार आपले पाय भुईवरून उचलूं शकतो. मग कोण कोणास सांभाळतो हें सांगतां येत नाहीं. शुभवर्तमानांतील छपरांतून खालीं सोडलेला पक्षाघाती आपणांस ठाऊकच आहे: चौघे वाहतात, एक वाहिला जातो. दयेची कल्पना करतांना आपल्या मनांत तेंच चित्र असतें. या नृत्यांत मात्र वाहिला जाणाराहि वाहतो.

या संस्थेच्या पहिल्या काळांतील एक नर्तक डेव्हिड टूल. १९६४ सालीं लीड्स शहरीं जन्म. अगदीं लहानपणींच दोन्ही पाय कापावे लागले. हे गृहस्थ टपालखात्यांत नोकरी करीत होते. हातांवर चालणें ही त्यांची लहानपणापासूनची चाल होती, आणि तीच नृत्यांत आली. मीं त्यांस चित्रफितींत पाहिलें आहे. पहिलीं दोनतीन मिनिटें आपला डोळा, काय उणें आहे, तेंच मोजीत राहतो. लाज वाटते, पण मोजतो. मग त्या दोन हातांची झेप आणि अचूकपणा पाहतां पाहतां मोजणें केव्हां थांबलें हें कळत नाहीं. १९९४ सालच्या 'आउटसाइड इन' या लघुचित्रपटांत या मंडळीचें काम पाहावयास मिळतें. पुढें २९ ऑगस्ट २०१२ रोजीं लंडन येथें पॅरालिंपिक सामन्यांच्या उद्घाटनांत टूल हजारों लोकांच्या डोक्यांवरून हवेंत तरंगले. २०२० सालीं ते वारले.

आपल्या मुंबईच्या सुधा चंद्रन यांचें उदाहरण कोणी पुढें करील, आणि तें योग्यच आहे. १९८१ सालीं बसच्या अपघातानंतर त्यांचा एक पाय कापावा लागला. जयपूर येथें रामचंद्र शर्मा नांवाचे कुशल कारागीर व डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं १९६८ च्या सुमारास जो रबरी पाय सिद्ध केला, त्यानें अनवाणी चालतां येतें, मांडी घालतां येते. तो पाय लावून, रक्त येईपर्यंत सराव करून, १९८४ सालीं त्या पुनः भरतनाट्यमसाठीं उभ्या राहिल्या. त्यांच्या जिद्दीस माझा नमस्कार. परंतु तेथें विजय कशांत होता? पाय कोणता खरा आणि कोणता लांकडीरबरी, हें प्रेक्षकांस कळूं न देण्यांत. मोडलेल्या कण्यास असा जयपूरचा तोडगा नाहीं. ज्याची खुर्ची लपतच नाहीं त्यानें काय करावें? तेथें खुर्चीपासूनच नृत्य रचावें लागतें. मला ही दुसरी वाट अधिक अवघड वाटते, कारण तींत नुसत्या नर्तकानें बदलून भागत नाहीं, पाहणाऱ्यासहि बदलावें लागतें.

आणि पाहणारा सहजासहजीं बदलत नाहीं. तो डोळे पुसतो आणि टाळ्या वाजवितो. नाच वाईट झाला तरी वाजवितो! खऱ्या कलावंतास असल्या टाळीची चीड येते, आणि तें बरोबरच आहे. दुसरी अडचण शिक्षणाची. नर्तक घडण्यास लहानपणापासूनचीं वर्षें लागतात, आणि शाळेच्या दारींच पायऱ्या असल्यावर मूल शिकणार कोठें? म्हणून अशा संस्थांस प्रयोगाबरोबर वर्गहि चालवावे लागले. बेंजामिन यांनीं पुढें इथिओपिया व दक्षिण आफ्रिका येथेंहि शिकविलें आणि २००२ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला. अशा वर्गांत 'उजवा पाय उचला' असें म्हणून चालत नाहीं. 'वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस न्या' असें म्हणावें लागतें, आणि ज्यानें त्यानें तें आपल्या अंगानें करावें. मास्तर म्हणून सांगतों, हें वाक्य मला तीस वर्षांपूर्वीं सुचावयास हवें होतें.

ती मुलगी आतां प्रौढ बाई आहे. तीन वर्षांपूर्वीं एका लग्नांत भेटली. मीं भीतभीत जुनी गोष्ट काढिली. ती म्हणाली, "मास्तर, मला नाचावयाचें होतें हें तुम्हांला ठाऊक नव्हतें का?" मला ठाऊक होतें.

आपल्या ज्युबिलीच्या सांगतेस मुलांचा नाच व्हावयाचा आहे, आणि त्या मुलांत दोघें चाकांच्या खुर्चीवरचीं आहेत. नाच बसविणाऱ्या भगिनींस माझी एवढीच विनंती आहे कीं, त्यांस शेवटीं पुढें आणून लोकांकडून टाळ्या घेऊं नका. पहिल्या तालमीपासून त्यांस सर्वांच्या मधोमध घ्या, चुकलीं तर इतरांस रागावतां तितकेंच रागवा, आणि अनवाणी मुलांचीं बोटें चाकांखालीं येणार नाहींत एवढें पाहा. राहतां राहिला रंगमंच. तो तीन फूट उंच आहे. एक फूट उंचीस बारा फूट उतार धरावा लागतो, म्हणजे छत्तीस फूट झाले. तेवढी जागा आंत नाहीं, म्हणून उतार बाजूच्या दारानें बाहेर काढून अंगणांत वळवावा लागेल. सुतारानें मापें घेतलीं आहेत, लांकूड मात्र अद्याप मिळावयाचें आहे.