आपले बालमंदिर आणि पालकांचा अर्ज
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात बालमंदिर समितीतर्फे झालेले भाषण)



संघाच्या बालमंदिराविषयी दोन शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती आम्ही आनंदाने स्वीकारली असे म्हटले तर ते पूर्ण सत्य होणार नाही. या आज्ञेमागे एक अर्ज आहे, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. मुलांना पहिल्या वर्षीच शंभरपर्यंत अंक व सर्व मुळाक्षरे लिहिता यावीत, रोज घरचा अभ्यास द्यावा, आणि हे जमणार नसेल तर बालमंदिर बंद करून जागा अन्य कार्यास वापरावी, असे त्यात म्हटले आहे. सह्या करणारे आमचेच आप्त आहेत आणि त्यांची तळमळ खोटी नाही. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली. तरी गप्पागोष्टींच्या नावाखाली ती कोठे कोठे होते, हे आम्हीही जाणतो. आपले मूल मागे पडेल ही भीती आईबापांस झोपू देत नाही. तिची चेष्टा करण्यास आम्ही येथे उभे नाही.

आमची पद्धत श्रीमंतांच्या हौसेतून निघाली असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. डॉ. मारिया मॉन्टेसरी या व्यवसायाने वैद्य. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की दिवसभर मोकळी हुंदडणारी मुले तेथे गोळा केली होती. एके दिवशी शिक्षिकेस यावयास उशीर झाला आणि आदल्या दिवशी कपाटास कुलूप लावावयाचे राहून गेले होते. येऊन पाहते तो मुलांनी आपापल्या पसंतीची साधने काढून कामास प्रारंभही केलेला! शिक्षिकेस ती चोरी वाटली. मॉन्टेसरीबाईंस त्यात निवड दिसली. पुढे उंच कपाटाच्या जागी मुलांच्या हाताशी येतील अशी बुटकी कपाटे आली.

हे आम्ही वाचले होते, तथापि पहिल्या वर्षी आमच्या हातून तीच चूक झाली. देणगीतून आलेला गुलाबी मनोरा, म्हणजे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन, खराब होऊ नये म्हणून आम्ही कुलपात ठेवला आणि पाहुणे आले म्हणजे तेवढा बाहेर काढला. दिवाळीपर्यंत मुलांचा हात त्यास लागला नाही. आज त्यातील सर्वांत लहान घन हरवलेला आहे. सुताराने सागाचा तुकडा तासून नवा करून दिला. रंग मात्र जुळला नाही. आम्हांस त्याचे वाईट वाटत नाही.

एका आजीबाईंनी तर आम्हांस चांगलेच फैलावर घेतले. "घरी पाण्याला हात लावू देत नाही आम्ही, आणि तुम्ही फी घेऊन पाणी सांडायला शिकवता?" आम्ही त्यांस तासभर बसवून घेतले. नातवाने छोट्या तांब्यातून फुलपात्रात पाणी ओतले, ते सांडले. कोणी रागावले नाही. खुंटीवरचे फडके आणून त्याने जमीन पुसली आणि पुन्हा ओतले. असे अकरा वेळा झाले; मोजले आजीबाईंनीच. शेवटच्या दोन खेपांस थेंबही पडला नाही. मनगट वळविणे, बोटांची पकड आवरणे, एका कामावर चित्त ठेवणे ही लेखणी धरण्याची पूर्वतयारीच होय. आणि चूक झाली हे बाईंनी सांगावे लागत नाही, ओली जमीनच ते सांगते. ठोकळ्याच्या भोकांत दट्टे बसविण्याचे साधनही असेच आहे. एक दट्ट्या चुकीच्या जागी बसला की शेवटचा उरतोच.

आता अक्षरे व अंक यांविषयी. येथे आम्ही जरा अधिक वेळ घेणार आहो, कारण अर्जाचे मर्म येथेच आहे.

काचकागदाची अक्षरे कापून पाटीवर चिकटविलेली असतात. मूल दोन बोटांनी, लिहिण्याच्या दिशेनेच, ती गिरविते आणि तोंडाने उच्चार करते. यात आपल्या लिपीचे मोठे साहाय्य होते. इंग्रजी अक्षराचे नाव एक आणि उच्चार दुसरा. आपल्या 'क'चे नाव तोच त्याचा उच्चार. अडचण येते ती वेलांटीपाशी. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी अक्षराआधी येते, कानांस मात्र ती नंतर ऐकू येते. मूल येथे गोंधळते, आणि आपण त्यास निष्काळजी म्हणतो!

अंकांची गोष्ट याहून बिकट आहे. 'पंचवीस' या शब्दात पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५२ लिहिते. ऐकलेले प्रामाणिकपणे लिहिल्याबद्दल घरी त्यास धपाटा मिळतो. 'एकोणतीस' म्हणजे तिसास एक कमी. त्यात नऊही नाहीत आणि वीसही नाहीत. पण नव्व्याण्णवपाशी आले की ही रीत मोडते, तेथे नऊ स्पष्ट ऐकू येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशा धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आपणांस स्मरत असेल. त्या वादात आम्ही पडत नाही. आम्हांस पंचवीस हा शब्द सोडावयाचा नाही. आम्ही मुलास मणी आणावयास सांगतो. सुटा मणी म्हणजे एक, दहा मण्यांची सळई म्हणजे दहा, शंभरांचा चौरस आणि हजारांचा घन. पंचवीस आणावयाचे म्हणजे दोन सळया आणि पाच सुटे मणी. हजारांचा घन दोन्ही हातांनी उचलून आणणाऱ्या मुलास हजार म्हणजे काय हे कळते. शंभरपर्यंतचे अंक दहा वेळा उतरवून काढणाऱ्यास ते कळेलच असे नाही. यास वेळ लागतो, हे आम्ही मान्य करतो. लिहिणे आम्ही टाळीत नाही, ते मणी हाताळून झाल्यावर येते.

साधने महाग असतात हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याचे उत्तर आपल्याच प्रांतात मिळालेले आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत काम केले. बिया, शिंपले, खडे, माती हीच तेथील साधने. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून ताराबाईंची अंगणवाडी निघाली. आमच्याकडेही चिंचोके आणि शंखशिंपले आहेतच. कोकणातील बांधवांनी सुटीवरून येताना आणखी आणावेत.

अर्जाच्या अखेरीस ज्ञातीबाहेरील मुलांस यापुढे प्रवेश देऊ नये, अशीही एक सूचना आहे. नळदुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांची मुलगी आणि आमच्या कोषाध्यक्षांचा नातू गेले वर्षभर एकाच सतरंजीवर मणी मोजीत आहेत. ती सूचना संमत झाल्यास आम्हांस समितीवर राहता येणार नाही, हे आम्ही मंडळास लेखी कळविले आहे आणि येथेही सांगतो.

घरच्या अभ्यासाविषयी आमचा निर्णय असा : पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलांस आठवड्यातून एकदा, त्यांनी स्वतः निवडलेले काम घरी दिले जाईल. तीन-चार वर्षांच्या मुलांस वही मिळणार नाही. त्यांस घरी शेंगा सोलू द्या, पोळपाटापाशी बसू द्या, स्वतःच्या गुंड्या स्वतः लावू द्या. सकाळची घाई असते, दहा मिनिटे अधिक जातील. मोबाइल हाती देऊन ती वाचविता येतात, परंतु तसे करू नये अशी विनंती आहे.

मंडळाची बैठक पुढील महिन्यात आहे. तोपर्यंत दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी साडेनऊ ते साडेदहा या वेळेत सह्या करणाऱ्या पालकांपैकी दोघांस वर्गात बसता येईल. भिंतीशी दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. अट एवढीच, की आपल्या मुलास मदत करावयाची नाही आणि तासभर बोलावयाचे नाही. नावे चिटणिसांकडे नोंदवावीत.