कुत्र्याची खाज आणि कपाशीचं औषध



चकलांब्याच्या शिवारात काय किंवा साऱ्या गेवराई तालुक्यात काय, कुत्र्याशिवाय वस्ती नाही. शेळ्यांची राखण असो की रात्रीचं पाणी धरणं असो, सोबतीला कुत्रं हवंच. ऊसतोडीच्या टोळीबरोबरही ते गाडीमागं चालत जातं आणि चार-पाच महिन्यांनी परत येतं. येताना पुष्कळदा खरूज घेऊन येतं, कारण कारखान्यावरच्या कोप्यांजवळ दहा गावची कुत्री एकत्र लोळतात.

खाज सुटली म्हणजे आपण काय करतो? कपाशीवर मारायचं औषध शिल्लक असतं, तेच पाण्यात कालवून चोळतो. मागं एका वस्तीवरून असंच कुत्रं पोत्यात घालून आणलं होतं. तोंडाला फेस, अंगाला थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. कुत्रं वाचलं नाही. ते औषध घरच्या पोरानं उघड्या हातांनी चोळलं होतं. त्याला वेळेवर रुग्णालयात नेलं म्हणून निभावलं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना धडधाकट माणसांचे जीव गेले, हे तुम्ही ऐकलंच आहे. ते विष कातडीतून आत जातं, आणि कुत्रं तर अंग चाटतं. चुकून असं झालंच तर साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा, धुताना हातात मोजे घाला आणि तडक दवाखाना गाठा. त्यावर उतारा आहे, पण वेळेत दिला तरच. इंजिनचं जळकं तेलही लावू नका. त्यानं कातडी भाजते आणि चाटण्यातून तेल पोटात जातं.

आता खाज कशाची ते ओळखू. कानाच्या कडा, कोपरं आणि पोट इथले केस गेले, खपल्या धरल्या, तर खरजेचा संशय घ्यावा. कानाची कड दोन बोटांत धरून हलकी चोळा. कुत्रं मागचा पाय खाजवल्यासारखा हलवू लागलं, तर संशय पक्का धरायला हरकत नाही. हा किडा डोळ्यांना दिसत नाही, कातडीत बीळ करून राहतो. तो माणसालाही चावतो. कुत्र्याशी खेळणाऱ्या पोरांच्या हातांवर, पोटावर पुरळ उठतं. कुत्रं बरं झालं की बहुधा तेही जातं. गेलं नाही तर पोराला डॉक्टरला दाखवा.

शेपटीच्या बुडाशी खाज जास्त असेल, तर पिसवा पाहा. केसांतली काळी कणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवा. तांबडा डाग पडला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. गोचीड मात्र चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावा, नखानं चिरडू नये. गोचीड झालेलं कुत्रं तापलं, खाईनासं झालं किंवा नाकातून रक्त येऊ लागलं, तर एक दिवसही थांबू नका. पिल्लाच्या डोळ्या-तोंडाभोवती केस गेलेत पण खाज फारशी नाही, तर तो किडा निराळा, आणि त्याचं औषधही निराळं.

म्हणून आधी डॉक्टरला दाखवावं. ते कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अमित्राज दिलं तर त्याचं माप नीट विचारून घ्या. बाटली तीच असली तरी गोचिडाला माप वेगळं, खरजेला वेगळं. मोजे घालून लावा आणि अंग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नका. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते लावायचं नाही. म्हशीचं जंताचं इंजेक्शन अंदाजानं टोचून घेण्याची एक खोड आपल्याकडे पडली आहे. काही कुत्र्यांच्या ते मेंदूवर जातं.

खरजेच्या किड्याची अंडी ते पूर्ण वाढ, हा फेरा साधारण तीन आठवड्यांचा. एकदा लावून खाज थांबली तरी औषध सोडू नका. वस्तीवरची सगळी कुत्री एकाच वेळी धरा, नाहीतर एकाकडून दुसऱ्याला चालूच राहील. बसायचं पोतं जाळून टाका. भिंतीच्या भेगा लिंपून घ्या, गोचीड तिथंच अंडी घालतो.

आणि दवाखान्यात आणणारच आहात, तर पिसाळण्याची लसही त्याच खेपेला टोचून घ्या. येणं जमत नसेल तर 1962 या क्रमांकावर फोन करून विचारा.