ऑक्टेन : बळ नव्हे, धीर

२०२० च्या डिसेंबरात भारतात १०० ऑक्टेनचे पेट्रोल प्रथम मुंबई-पुण्यासह १० शहरांत विक्रीस आले. समजा, त्याच इंधनासाठी खास जुळवून घेतलेली टर्बोचार्जरची एखादी मोटार पुण्याहून म्हैसूरला गेली, वाटेत तिच्या टाकीत ९५ ऑक्टेनचे पेट्रोल भरले गेले, आणि ती चामुंडीचा चढ चढू लागली. अर्ध्या वाटेवर इंजिनातून, पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येऊ लागतो.

हा आवाज कशाचा? ऑक्टेनचा अंक इंधनाचे बळ सांगत नाही; दाब आणि उष्णता सोसून जागच्या जागी थांबण्याचा त्याचा धीर सांगतो. या मापात आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला शून्य गुण दिलेले आहेत. टर्बोचार्जर सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. दाब वाढतो, उष्णता वाढते. ठिणगीने पेटलेली ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले अधीर मिश्रण आपोआप भडकते, आणि त्याचे घाव पिस्टनवर बसतात.

इंजिनातील संवेदक हे ओळखून ठिणगी थोडी उशिरा पाडतो. परंतु अधिक जोरासाठी जुळवलेल्या यंत्रात ही सवड थोडीच उरते. अशा वेळी चालकानेच पाय हलका करावा, खालचा गिअर घ्यावा आणि टर्बोचा दाब चढू देऊ नये. निम्म्या टाकीत पुढे १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिसळले, तर मिश्रण सुमारे साडेसत्त्याण्णवावर येते. तोवर घाई वर्ज्यच. इंधनाला नसलेला धीर अखेर चालकालाच दाखवावा लागतो.