वाड्याचा कागद

(शताब्दी मेळाव्यात, मुक्कामाच्या गावी केलेले भाषण)

 

मी शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. एरवी टाळकरी पाठीशी घेऊन तुमच्यापुढं उभा राहतो. आज निरूपणाला अभंग घेतलेला नाही. आज कागदावर बोलायचं आहे.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. महामारीची २०२० आणि २०२१ ही दोन सालं सोडली, तर या गावचा मुक्काम ह्याच वाड्यात झाला. मोठ्या दरवाजाला जो लहान दरवाजा असतो, त्यालाही जुनी माणसं दिंडीच म्हणतात. वाकल्याशिवाय त्यातून आत जाता येत नाही. आपण शंभर वर्षं दिंडीतून दिंडी आत नेली म्हणायची.

आता वाड्याचं बघा. हे माळवदी घर. माळवदाला दरसाल माणसाचा हात लागतो. मृगाच्या आधी वरचं गवत उपटायचं, पांढरी माती पसरायची, चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. एक साल चुकलं तर पाणी तुळईत शिरतं, आणि तुळई कुजली की छप्पर बसतं. मालकांची मंडळी शहरात. गेल्या पावसात उत्तरेची भिंत ढासळली. गाळे बांधणारे येऊन जागा मोजून गेले. मालकांना विकायचं नाही, पण दुरुस्ती एकट्याला पेलत नाही. म्हणून ग्रामपंचायतीशी कराराची गोष्ट निघाली, आणि ती आता ग्रामसभेपुढं आहे.

करार म्हंजे काय? मालकी मालकाचीच राहते. वाडा ठराविक मुदतीसाठी पंचायतीकडं भाडेपट्ट्यानं येतो. पंचायत डागडुजी करते, आणि मालक तेवढी मुदत तो पाडत नाही. उद्या त्यानं विकला, तरी घेणाऱ्याला पट्टा पाळावा लागतो. पण हे सगळं नुसत्या शब्दावर चालत नाही. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणं दुय्यम निबंधकाकडं नोंदवावाच लागतो. सह्या सगळ्या वारसांच्या पाहिजेत. दिल्याघरच्या लेकींच्याही. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हिस्सा आहे. एक सही राहिली की पुढं भांडण उभं राहतं.

कुणी म्हणतं, गावाचा पैसा खाजगी घराला का? रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर करारातच पाहिजे. ज्या घराला गावाचा पैसा लागला, त्या घराचं दार गावाला उघडं असलं पाहिजे. बाकीच्या दिवसांत तिथं वाचनालय चालावं, पोरांनी अभ्यासाला बसावं. बंद घर लवकर मरतं. चूल पेटली, माणूस वावरला, की घर टिकतं.

नुसती मालकी असून भागत नाही, याचा एक दाखला सांगतो. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली लंडनला शिकत होते, तेव्हा एका घरात राहिले. ते घर आपल्या महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं आणि स्मारक केलं. पण तिथली स्थानिक पालिका म्हणाली, ही राहण्याची जागा आहे, इथं संग्रहालय चालणार नाही. एवढं मोठं सरकार, पैसे मोजलेले, तरी चौकशी झाली, बाजू मांडावी लागली. २०२० च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारनं मंजुरी दिली, तेव्हा घराला स्मारक म्हणून नांदता आलं. मग आपण तर साधी माणसं. गावाला विचारूनच, गावाला धरूनच चाललं पाहिजे.

करारात तीन गोष्टी लिहाव्यात असं माझं मागणं आहे. पहिली, मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते आणि भिंत आतून फुगते. माती आणि चुनाच वापरावा. दुसरी, दरसाल मृगाआधी माळवदाचं काम दिंडीनं अंगमेहनतीनं करावं. आपल्या दिंडीतल्या प्रत्येक गावानं दोन माणसं, एक दिवस. शंभर वर्षं या छपराखाली झोपलो, तर वर्षातला एक दिवस त्याच्यावर चढायला जड जाऊ नये.

तिसरी गोष्ट जपून सांगतो. माझ्या लहानपणी या वाड्यात काही वारकऱ्यांची पथारी ओसरीवर पडत नव्हती. ती गोठ्याच्या बाजूला पडायची, पाऊस असला तरी. टाळ एकत्र वाजायचे, पथाऱ्या वेगळ्या. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, ती याच दुखण्यापायी. आता तसं कुणी करत नाही, खरं आहे. पण जे आज चालीनं सुटलं, ते उद्या चालीनंच परत येऊ शकतं. म्हणून कागदावर एक ओळ असू द्या: ओसरी, सोपा, माजघर सगळ्यांना सारखं. हा वाडा जुना आहे म्हणून राखायचा, पण त्यातलं सगळंच जुनं राखायचं नाही.

मालकांच्या मंडळींना हात जोडून सांगतो, तुमचं नाव दरवाजावर राहील. ग्रामस्थांना सांगतो, ग्रामसभेला या. घरी बसून बरं-वाईट बोलण्यापेक्षा तिथं हात वर करा, नाहीतर तिथं उठून विरोध करा, पण या. माय-माऊल्यांनीही यावं. पहाटे चारला उठून इथली चूल तुम्हीच पेटवता, तुमच्याइतका हा वाडा कुणाला ठाऊक आहे?

आपण आज आहोत, उद्या नाही. पुढच्या आषाढाला भिजून आलेल्या वारकऱ्याला इथं कोरडी जागा मिळावी, एवढंच मागणं पांडुरंगाच्या आणि तुमच्या चरणी ठेवतो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.